फाटका आवाज

बल्लारशात मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा आमच्या जिल्ह्याला चंद्रपूर नाही, चांदाच म्हणत, आणि गावात रेडिओ मोजके होते. रेल्वेची कॉलनी, खाणीतले दोन-चार साहेब आणि लाकडाचे ठेकेदार, एवढंच गिऱ्हाईक. बाकीचा वेळ लग्नातले लाऊडस्पीकर नीट करण्यात जाई. मी मूल गावाकडच्या धानकरी घरातला. नागपूरला एका दुकानात तीन वर्षं काम शिकून आलो होतो आणि पुन्हा धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. लग्न व्हायचं होतं. दुकानाच्या मागच्याच खोलीत राहायचो आणि हाताने भात शिजवून खायचो. आवाजातली खरखर काढण्यात माझा हात चांगला होता आणि त्याचा मला गर्वही होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या गर्वाचा वाटा मोठा आहे.

पोळा होऊन गेला होता. एका दुपारी दुकानासमोर एक उंच, गोरा म्हातारा येऊन उभा राहिला. खाकी अर्धी पँट, बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. मी त्याला ओळखत होतो. कॉलनीत त्याला सगळेच ओळखत. तो अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर होता. आयुष्यभर वाफेच्या इंजिनावर उभं राहून त्याचे कान गेले, म्हणून त्याला वेळेआधी घरी बसवलं होतं. त्याचा मुलगा आदल्या पावसाळ्यात वारला, हेही मला ऐकून माहीत होतं. आलापल्लीकडे लाकडाच्या डेपोत कारकून होता. तिकडून ताप घेऊन आला, तो ताप डोक्यात गेला आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. बावीस वर्षांचा होता.

म्हाताऱ्याने चादर सोडली. आत गिटार होती, पावसाने पोट फुगून एका बाजूने उकललेली. गिटारीबरोबर एक घडी केलेला कागद होता. त्यावर पेन्सिलीने एक लोहचुंबक, त्याभोवती गुंडाळलेली तार आणि रेडिओकडे जाणारी वायर काढली होती. खाली मोठं प्रश्नचिन्ह.

"मेरा लडका ये बना रहा था," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्याने बोलत होता. समोरचा पानवाला वळून पाहू लागला. "पूरा नहीं हुआ. तुम पूरा करो."

"पण साहेब, हे कशासाठी?" मी ओरडून विचारलं. त्याने कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडलो. तोवर दुकानासमोर पाच-सहा माणसं जमली होती.

"घर आओ," तो म्हणाला. "रेकॉर्ड सुनो. समझेगा."

मी गेलो. कॉलनीच्या कडेला, कौलारू दोन खोल्यांच्या घरात ते नवराबायको राहत. घरात विजेचा एक दिवा होता. बाई नागपूरच्या मिशन दवाखान्यात नर्स होती लग्नाआधी, आपल्यासारखीच मराठी बोलणारी. बारीक चणीची, पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले. तिने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "यांनी तुमाले सगळं सांगितलं का?"

"काहीच कळलं नाही बाई."

मग तिने सांगितलं. लढाईच्या दिवसांत एका अमेरिकन सोल्जरला साहेबांनी इंजिनावर उभं करून पुढच्या स्टेशनापर्यंत नेलं होतं. त्याला इंजिनाची हौस होती. उतरताना त्याने पिशवीतली एक तबकडी काढून दिली. घरी गाणी बरीच होती, पण मुलाने ती एकच धरली. जरा मोठा झाल्यावर नागपूरच्या जुन्या बाजारातून गिटार आणली आणि त्या तबकडीतला आवाज आपल्या गिटारीतून काढायचा, हा ध्यास घेतला. सुट्टीवर आला की तेच. आवाज निघत नसे. मग कुणीतरी त्याला सांगितलं की तबकडीतली गिटार विजेवरची आहे.

"आता यांच्या डोक्यात बसलं आहे," ती म्हणाली. "पोराचं काम अर्धं राहू द्यायचं नाई म्हणून."

तिने ग्रामोफोनला चावी दिली, डबीतून नवी सुई घेऊन लावली आणि तबकडी चढवली. म्हातारा समोर खुर्चीवर बसून फिरणाऱ्या तबकडीकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ग्रामोफोनचा बारीक आवाज त्याच्या कानापर्यंत पोचतच नसे.

एक माणूस इंग्रजीत गात होता. शब्द मला समजले नाहीत. गाण्याच्या मधोमध तो थांबला आणि एकटी गिटार बोलू लागली. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "बाई, यांचा स्पीकर फाटलेला आहे."

बाईने सुई उचलून पुन्हा त्या जागेच्या जरा आधी ठेवली. या वेळी मी नीट ऐकलं. आमच्याकडे मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात. रडता रडता आवाज बसतो, घशातून नुसती खर येते, पण हेल सुटत नाही. गिटार तशी बोलत होती. एक सूर तार ओढून वर नेलेला, वर जाऊन थरथरत राहिलेला, आणि त्याच्या कडा फाटलेल्या. हळू वाजवलेले सूर साफ होते, जोरात वाजवलेले तेवढे फाटत. म्हणजे स्पीकरचा दोष असता तर सगळेच फाटले असते. हे मला तिथेच बसल्या बसल्या कळलं आणि त्या क्षणापासून माझं लक्ष त्या दोन माणसांवरून उडालं. हा आवाज निघतो कसा, एवढंच डोक्यात राहिलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी कुठेतरी वाचलं की त्या संगीताला ब्लूज म्हणतात. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं.

"तबकडी न्यावी लागेल," मी म्हणालो.

बाईचा हात तबकडीवर थांबला. "इथीच येऊन ऐका ना. पाहिजे तेवढ्या वेळा या."

"इथे कसं जमेल बाई? माझं सामान दुकानात. शेजारी शेजारी लावून ऐकल्याशिवाय फरक कळत नाही."

खरं तर जमलं असतं. रोज संध्याकाळी अर्धा तास चालत गेलो असतो तरी जमलं असतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता, द्या द्या म्हणून. तिने तबकडी टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "सुई दर वेळी बदलजा. जुन्या सुईनं घासते ते."

"हो बाई," मी म्हणालो.

गिटार मी माझ्या मित्राकडे नेली. तो सुतार होता, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, मशिदीमागच्या गल्लीत त्याचं काम चाले. दारं-खिडक्या करायचा, हार्मोनियमच्या पेट्या करायचा, आणि कव्वालीच्या पार्टीत बुलबुलतरंग वाजवायचा. मी त्याला भाई म्हणायचो. त्याने गिटारीचं पोट ठोकून पाहिलं.

"लाकूड बरं आहे, जोडाचा सरस सुटला आहे," तो म्हणाला. "कोणाची?"

मी सांगितलं. भाईने गिटार अलगद मांडीवर घेतली. त्याची स्वतःची एक मुलगी तापाने गेली होती. "मजुरीचं काई बोलू नको," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. आठ दिवसांत त्याने पोट बसवलं. वाजवणार कोण, हा प्रश्न होताच. मला सूर कळत, पण बोटं चालत नव्हती. तेव्हा तोच म्हणाला, "तबकडी ऐकव. तार ओढून सूर चढवायचा असंल तर ते सतारीवाल्याची मींडच झाली ना. पाहून घेऊ."

इकडे मी कागदावरचं चित्र समोर ठेवून काम सुरू केलं. लष्कराच्या भंगारातला एक हेडफोन माझ्याकडे होता. त्यातलं लोहचुंबक काढलं, जळलेल्या ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार त्यावर गुंडाळली. तार तुटे, पुन्हा जोडून गुंडाळायची. शेवटी तो तुकडा गिटारीच्या तारांखाली बसवला आणि वायर रेडिओच्या पाठीमागे, ग्रामोफोन जोडायची जागा असते तिथे दिली. भाईने तार छेडली आणि रेडिओतून सूर आला. मोठा, गोल, स्वच्छ.

आम्ही दोघेही खूश झालो. मग मी दुकानातल्या ग्रामोफोनवर तबकडी लावली आणि आमचा आनंद गेला. तबकडीतला आवाज ऐकून आमचा आवाज शाळेत उभं राहून कविता म्हणणाऱ्या मुलासारखा वाटला.

तिथून पुढचे तीन महिने मी वेड्यासारखा त्याच्या मागे होतो. तारा बदलल्या. चुंबक इकडून तिकडे सरकवलं. स्पीकर उघडा ठेवला, मग पेटीत घातला. दर वेळी ग्रामोफोनला चावी द्यायची, तबकडीवर तेवढीच जागा काढायची, ऐकायची, सुई उचलायची, पुन्हा ठेवायची. गाणं सुरुवातीपासून मी कधी ऐकलंच नाही. मधली तेवढी एकटी गिटार, जेमतेम अर्ध्या मिनिटाची, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. सुयांची डबी महिन्याभरात संपली. नागपूरहून मागवायच्या होत्या, त्या आज मागवू उद्या मागवू करत राहिलो आणि जुन्याच सुया उलटसुलट वापरल्या. धान कापणीला गावाहून निरोप आला, मी गेलो नाही. माझ्या बापाने त्या वर्षी मजूर लावून कापणी केली आणि दिवाळीनंतर भेटला तेव्हा माझ्याशी धड बोलला नाही.

एकदा भाईने तबकडी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"हे इथी पांढरं काऊन पडलं बे?"

मी पाहिलं. सगळी तबकडी काळी चकचकीत होती आणि मधोमध बोटभर रुंदीचा करडा पट्टा उमटला होता, राख पुसल्यासारखा. "धूळ असेल," मी म्हणालो.

त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसलं. पट्टा गेला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सोल्डरिंगच्या कामात मान खाली घातली. त्या दिवशी लावली तेव्हा गिटारीच्या मागे वाळू ओतल्यासारखा आवाज होता. हा आवाज आठवडाभर आधीच मला ऐकू आला होता. कळलंही होतं. पण आपण अगदी जवळ आलो आहोत, आणखी दोन-चार वेळा ऐकलं की जमेल, असं मी स्वतःला सांगत होतो.

"बाईले सांगून दे," भाई म्हणाला.

"काम झालं की सांगतो."

आवाज सापडला तो माझ्या हुशारीने नाही. मी गिटार आणि रेडिओच्या मध्ये आणखी एक व्हॉल्व्ह, रेडिओत पेटतो तो काचेचा दिवा, जोडला होता, आवाज वाढवायला. तो इतका वाढला की पुढच्या व्हॉल्व्हला पेलेना, आणि जोरात छेडलं की सूर फाटू लागला. मी ते दुरुस्त करायच्या मागे होतो. त्या दिवशी भाई चिडलेला होता. त्याचं बोट कापलं होतं, कारण त्या जाड तारा ओढून ओढून त्याच्या बोटांची सालं निघाली होती. दिवेलागणीची वेळ. गावभर दिवे लागले की आमच्याकडे विजेचा दाब उतरायचा, बल्ब पिवळा पडायचा. तसा तो पडला. भाईने वैतागून तार जोरात ओढली आणि सोडलीच नाही. रेडिओतून तो आवाज आला.

मी बटण फिरवायला हात पुढे केला.

"राहू दे!" तो ओरडला. "हात नको लावू."

त्याने पुन्हा वाजवलं. हळू छेडलं तर तार नुसती बोलत होती, जोरात ओढलं तर घसा बसून रडत होती. मी इतकी वर्षं जी खरखर काढून टाकत आलो, तीच होती ती. ताडून पाहायला मी तबकडी लावली. त्या जागी आता गिटार जवळजवळ नव्हतीच. खसखस, खसखस आणि लांब कुठेतरी माणूस हाका मारत असावा तसं काहीतरी. आमचा आवाज बरोबर होता की चूक, हे सांगणारं जगात काही उरलं नव्हतं. निदान आमच्या जगात तरी.

पुढच्या रविवारी आम्ही बैलगाडीत रेडिओ, गिटार आणि सामान घालून साहेबांच्या घरी नेलं. दिवे लागेपर्यंत थांबलो, कारण दुपारच्या पूर्ण दाबावर तो आवाज तितका निघत नसे. बाईने चहा केला. मी टॉवेलात गुंडाळलेली तबकडी आल्या आल्या कपाटावर ठेवून दिली होती, जशी काही ती विसरून जाण्यासारखी गोष्ट होती.

बल्ब पिवळा पडला तसं भाईने वाजवायला घेतलं. तबकडीतली तेवढीच जागा, तीन महिन्यांत पाठ झालेली. घर भरून गेलं. खिडकीतली भांडी वाजू लागली. म्हातारा खुर्चीवर बसून होता. त्याचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, संपलं, याला काहीच पोचत नाही. मग तो उठला, रेडिओजवळ गुडघ्यांवर बसला आणि पेटीच्या फळीवर गाल टेकवला. डोळे मिटले.

"फिर से," तो म्हणाला.

भाईने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. म्हाताऱ्याचा एक हात जमिनीवर टेकलेला होता आणि दुसरा हवेत, काहीतरी धरल्यासारखा. त्याला ऐकू आलं की नुसतं हाडांत जाणवलं, मला माहीत नाही. शेवटी तो तसाच गाल टेकलेला म्हणाला, "यही. यही चाहिए था उसको." त्याच्या नाकावरून पाणी फळीवर पडत होतं.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने भाईला म्हटलं, "फार चांगलं वाजवलं भाऊ." मला तिने काही म्हटलं नाही.

बुधवारी ती एकटी दुकानात आली. बाहेर ऊन होतं, तिने छत्री मिटली आणि ती टेबलाला टेकवून उभी केली. मी स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही.

"सुई बदलत नव्हते ना तुम्ही?"

"बाई..."

"मी नर्स होते. कोणी खोटं बोलून राह्यलं की मले समजते. नाई म्हणा नाई तर हो म्हणा."

"नाही बदलत होतो. डबी संपली होती," मी म्हणालो. "मला लवकर कळलं होतं. तरी वाजवत राहिलो."

ती माझ्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या वायरींकडे बघत म्हणाली, "गाणं त्या जागेवर आलं की पोरगा माझ्याकडे पाहायचा. लहान होता तेव्हापासून. आता बघ आई, असं. मी शिवत बसलेली असायची. मान वर करून पाहायची. एवढंच होतं."

मी म्हणालो की आता तोच आवाज भाई काढू शकतो, तिने सांगावं तेव्हा तो येईल. बोलताना मलाच ते कसंतरी वाटलं.

"ते यांचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही यांच्यासाठी केलं, चांगलं केलं. माझं तबकडीतलं होतं."

जायला निघाली आणि छत्री उघडता उघडता थांबली. "यांना सांगू नका. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले."

मी सांगितलं नाही. पण त्याची शिक्षा म्हणा की काय, पुढचे कित्येक रविवार मला ते पाहावं लागलं. भाई संध्याकाळी तिथे वाजवायला जाई आणि रेडिओ-व्हॉल्व्हचं ते मशीन माझं म्हणून मीही जाई. भाईचं वाजवून झालं की म्हातारा उत्साहाने उठे आणि बायकोला म्हणे, "अब रेकॉर्ड लगाओ. देखो सेम है ना?" त्याला स्वतःला तर तबकडी ऐकू येत नव्हती. तो तिच्या तोंडाकडे बघून ठरवणार होता.

पहिल्यांदा तो असं म्हणाला तेव्हा मी वायरी गुंडाळायला खाली वाकलो. बाईने निमूट चावी दिली. नवी सुई लावली. तबकडी फिरू लागली, माणूस गाऊ लागला, आणि मग ती जागा आली. खोलीत नुसती खसखस भरून राहिली. भाईने मान खाली घातली. बाईने नवऱ्याकडे पाहिलं, अगदी सरळ त्याच्या डोळ्यांत, आणि मान हलवली.

"सेम," ती म्हणाली. तोंड मोठं उघडून, त्याला ओठ वाचता यावेत म्हणून.

तो टाळी वाजवून हसला.

असं दर रविवारी झालं. एकदाही ती कचरली नाही. मी एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पुन्हा केला नाही. परतताना वाटेत भाई म्हणाला, "तुले एक सांगू? मी वाजवतो ते मले आता आवडतच नाई." त्यानंतर तो दोन रविवार आला नाही. मी बोलवायला गेलो तर लाकडाला रंधा मारत बसला होता. म्हणाला, "येईन. त्या माणसासाठी येईन. पण तू मले काई बोलू नको." मग तो येत राहिला, पण आमच्यात पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही. भांडण झालं नाही. कामाशिवाय तो माझ्या दुकानात यायचा थांबला, एवढंच.

मधल्या दिवशी म्हातारा स्वतःच एक तार छेडत बसे. त्याला वाजवता येत नव्हतं. एकच तार, पुन्हा पुन्हा, गाल फळीला लावून. शेजारच्या क्वार्टरमधल्या लोकांनी तक्रार केली. बाई त्यांच्या घरी जाऊन बोलून आली. काय बोलली कुणास ठाऊक, पण तक्रार पुन्हा आली नाही.

चांद्याचा उन्हाळा म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. त्या वर्षी तर रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असत. मे महिन्यात साहेबांना लू लागली. बाईने ओल्या चादरी बांधून, कांद्याचा रस चोळून, शिकलेलं सगळं करून पाहिलं. दोन दिवसांनी ते गेले. स्टेशनाजवळच्या ख्रिस्ती दफनभूमीत मुलाच्या शेजारी त्यांना ठेवलं. मी आणि भाई दोघेही गेलो होतो. माती टाकून झाल्यावर भाई माझ्या शेजारून निघून गेला, मग चार पावलं जाऊन थांबला आणि मी येईपर्यंत उभा राहिला. आम्ही सोबत चालत बाजारापर्यंत आलो.

बाई महिनाभरात नागपूरला बहिणीकडे जायला निघाली. गिटार तिने भाईला दिली. भाई घेत नव्हता. ती म्हणाली, "घरात पडली तर पुन्हा उकलून जाईल. तुम्ही लाकडाचे माणूस." मग त्याने घेतली. मशीन मी परत आणलं आणि सोडवलं, व्हॉल्व्ह वेगळे काढले. तसं दुसरं पुन्हा कधी बांधलं नाही. एका ठेकेदाराने, गोष्ट कानावर गेली म्हणून, आपल्या मेहुण्याच्या ऑर्केस्ट्रासाठी करून मागितलं होतं. येत नाही म्हणून सांगितलं.

ती निघाली त्या सकाळी मी स्टेशनवर गेलो. बोलावलं नव्हतं. तिच्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि पाण्याची सुरई होती. मी ट्रंक डब्यात चढवली. गाडी सुटायला वेळ होता. मला माफी मागायची होती. महिनाभर वाक्यं जुळवत होतो. खिडकीशी उभं राहून मी एवढंच म्हणालो, "बाई, माझ्यामुळे तुमचं..."

तिने हात वर केला, थांबा म्हणून. रागाने नाही. डब्यात शेजारी एक बाई लेकराला पाजत बसली होती, तिच्याकडे पाहून ती जरा सरकून बसली आणि मग माझ्याकडे वळली.

"तुम्ही मले विचारलं असतं ना, की तबकडी जाईल पण आवाज मिळंल, चालते का म्हणून," ती म्हणाली, "तर मी हो म्हटलं असतं. त्यांच्यासाठी म्हटलंच असतं. तुम्ही विचारलं नाई."

मी खिडकीचा गज धरून उभा राहिलो.

हमाल ओरडत पुढे गेला. गार्डाने शिटी दिली. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "दुकान उघडंच टाकून आले का?"

"हो."

"मग जा आता. ऊन व्हायच्या आत जा."

गाडी हलली. शेवटचा डबा सिग्नलपलीकडे जाईपर्यंत मी थांबलो, आणि मग गेलो.